डिफेन्स ईटीएफ घ्यायचाय? नाव सारखं असलं तरी आतला माल वेगळा असतो, तुलना अशी करा

सीमेवर तणाव वाढला, लढाऊ विमानांचा मोठा करार झाला किंवा बजेटमध्ये संरक्षणाची तरतूद वाढली की दुसऱ्या दिवशी शेअर बाजारात डिफेन्स कंपन्यांची चर्चा सुरू होते. यूट्यूबवर थंबनेल, इन्स्टावर रील, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आता डिफेन्स थांबणार नाही" असे मेसेज. मग आपण ब्रोकरचं अ‍ॅप उघडतो, सर्चमध्ये "डिफेन्स" टाइप करतो आणि समोर चार-पाच नावं येतात. त्यातलं कोणतं घ्यायचं?

बरेच जण इथे एकच गोष्ट बघतात: गेल्या वर्षीचा परतावा. खरं तर ही तुलना करायची सगळ्यात कच्ची पद्धत आहे. या लेखात आपण डिफेन्स आणि एरोस्पेस ईटीएफची तुलना नीट कशी करायची ते बघू. भारतातले फंड तर बघूच, शिवाय अमेरिकेतले तीन जुने फंडही बघू, कारण त्यांच्यामुळे मुद्दा पटकन लक्षात येतो.

ईटीएफ म्हणजे काय, थोडक्यात

ईटीएफ म्हणजे एक्स्चेंज ट्रेडेड फंड. म्युच्युअल फंडासारखीच शेअर्सची टोपली, फक्त या टोपलीचं युनिट तुम्ही शेअरसारखं बाजार चालू असताना विकत घेता किंवा विकता. त्यासाठी डीमॅट खातं लागतं.

टोपलीत काय भरायचं हे ईटीएफचा मॅनेजर स्वतःच्या अंदाजाने ठरवत नाही. ते आधीपासून ठरलेल्या निर्देशांकाच्या, म्हणजे इंडेक्सच्या नियमांनी ठरतं. म्हणून दोन ईटीएफची तुलना करताना पहिला प्रश्न हा: "दोघांचा इंडेक्स एकच आहे की वेगळा?" उत्तर काय येतं त्यावर पुढची सगळी तुलना ठरते.

भारतात: वेष्टनं अनेक, इंडेक्स एकच

भारतात डिफेन्स थीमचा पहिला म्युच्युअल फंड २०२३ मध्ये एचडीएफसीने आणला. तो अ‍ॅक्टिव्ह फंड, म्हणजे शेअर मॅनेजर निवडतो. २०२४ मध्ये इंडेक्सवर चालणारे फंड आले. मोतीलाल ओसवाल आणि ग्रो या दोघांचे डिफेन्स ईटीएफ त्याच वर्षी आले आणि दोन्ही "निफ्टी इंडिया डिफेन्स" याच इंडेक्सची नक्कल करतात. मोतीलाल ओसवाल आणि आदित्य बिर्ला सन लाइफ यांचे याच इंडेक्सवरचे साधे इंडेक्स फंडही आहेत.

म्हणजे अ‍ॅपमध्ये नावं चार दिसली तरी आतली शेअर्सची यादी एकच! एकाच कंपनीचं दूध वेगवेगळ्या दुकानांत मिळावं तसं. इथे "कोणता फंड जास्त वाढेल" हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं ते एवढंच: कोणत्या दुकानात हे दूध कमी खर्चात आणि योग्य भावात मिळतं?

या इंडेक्सचे काही नियम माहीत असायला हवेत:

• कोणत्याही एका शेअरचं वजन पुनर्रचनेच्या वेळी २० टक्क्यांपर्यंतच ठेवलं जातं. ही पुनर्रचना वर्षातून दोनदा होते.

• हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएल, या दोन कंपन्या या मर्यादेच्या आसपासच असतात. म्हणजे तुमच्या १०० रुपयांतले जवळपास ४० रुपये फक्त या दोघांत जातात.

• संरक्षण उद्योगाच्या बाहेरची वाटणारी कंपनीही आत येऊ शकते. तिच्या उत्पन्नातला किमान १० टक्के हिस्सा संरक्षणातून यायला हवा.

शेवटचा नियम महत्त्वाचा आहे. नागपूरची सोलार इंडस्ट्रीज या इंडेक्समधल्या वजनदार कंपन्यांपैकी एक. ती दारूगोळा आणि ड्रोन बनवते हे खरं, पण ती वाढली खाणींसाठी लागणाऱ्या औद्योगिक स्फोटकांच्या धंद्यावर. पुण्याची भारत फोर्ज तोफा बनवते, पण तिचं मोठं काम वाहनांच्या सुट्या भागांचं आहे. त्यामुळे ट्रकची विक्री मंदावली तर त्याचा परिणाम तुमच्या "डिफेन्स" फंडावरही होऊ शकतो.

आणि आत कोण नाही?

"देशाच्या संरक्षणात गुंतवणूक" असं ऐकायला छान वाटतं, पण ईटीएफ फक्त शेअर बाजारात लिस्ट झालेल्या कंपन्याच घेऊ शकतो. ब्रह्मोस क्षेपणास्त्र बनवणारी ब्रह्मोस एरोस्पेस लिस्टेड नाही. जुन्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांमधून २०२१ मध्ये सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यातली पुण्यात मुख्यालय असलेली म्युनिशन्स इंडियाही नाही. वास्कोची गोवा शिपयार्डसुद्धा थेट लिस्टेड नाही. मात्र तिच्यात मुंबईच्या माझगाव डॉकचा सुमारे ४७ टक्के हिस्सा आहे आणि माझगाव डॉक इंडेक्समध्ये आहे. म्हणजे गोवा शिपयार्ड तुमच्याकडे येते ती मागच्या दाराने, तीही थोडीशीच.

आणखी एक गोष्ट तपासा. तुमची निफ्टी ५० इंडेक्स फंडात एसआयपी चालू असेल तर बीईएल तुमच्याकडे आधीच आहे, कारण सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ती निफ्टी ५० मध्ये आली. डिफेन्स ईटीएफ घेतला की तोच शेअर तुम्ही दुसऱ्यांदा घेता.

अमेरिकेत: थीम एक, नियम तीन

आता उलटं उदाहरण बघू. अमेरिकेत एरोस्पेस आणि डिफेन्सचे तीन मोठे आणि जुने ईटीएफ आहेत. टिकरवरून त्यांना पीपीए, आयटीए आणि एक्सएआर म्हणतात. तिघांची थीम एकच, पण तिघांचे इंडेक्स वेगळे.

आयटीए: ब्लॅकरॉकच्या आयशेअर्सचा फंड, २००६ पासून. कंपनी जितकी मोठी तितकं तिचं वजन जास्त. त्यामुळे जीई एरोस्पेस, आरटीएक्स, बोईंग अशा बड्या कंपन्यांचा दबदबा. वार्षिक खर्च साधारण ०.४ टक्के.

पीपीए: इन्व्हेस्कोचा फंड, २००५ पासून. हाही मोठ्या कंपन्यांना झुकतं माप देतो, पण एका कंपनीचं वजन आयटीएइतकं वाढू देत नाही आणि यादी जास्त लांब ठेवतो. तिघांत हा महाग, साधारण ०.६ टक्के.

एक्सएआर: स्टेट स्ट्रीटच्या एसपीडीआर मालिकेतला फंड, २०११ पासून. सगळ्यांना जवळपास सारखं वजन. त्यामुळे रॉकेट लॅब, क्रेटॉस, एरोव्हायरनमेंट अशा तुलनेने छोट्या कंपन्यांनाही बोईंगच्या बरोबरीने जागा मिळते. खर्च ०.३५ टक्के.

वजनाच्या नियमाने एवढा फरक पडतो का? एक सोपा हिशोब करा. तीन कंपन्या आहेत: एक खूप मोठी, दोन छोट्या. मोठी २० टक्के पडली, छोट्या दोन्ही १० टक्के वाढल्या. ज्या फंडात मोठीचं वजन ६० टक्के आणि छोट्यांचं २०-२० टक्के, तो ८ टक्के तोट्यात गेला. ज्यात तिघांचं वजन सारखं, तो ना नफा ना तोटा. शेअर तेच, दिवस तोच, फक्त नियम वेगळा.

हे प्रत्यक्षातही घडलं. बोईंगच्या ७३७ मॅक्सचे २०१८ आणि २०१९ मध्ये दोन अपघात झाले, ३४६ लोक गेले आणि मार्च २०१९ मध्ये जगभर ही विमानं जमिनीवर आली. त्यातून सावरायच्या आत २०२० मध्ये कोविड आला आणि विमान प्रवासच थांबला. बोईंगचं वजन जास्त असलेल्या आयटीएने २०२० चं वर्ष तोट्यात संपवलं. सारख्या वजनाचा एक्सएआर त्याच वर्षी नफ्यात राहिला. दोघांच्याही नावात "एरोस्पेस अँड डिफेन्स" होतंच!

यातून आणखी एक धडा: "एरोस्पेस" हा शब्द दिसला की समजा, आत प्रवासी विमानांचा धंदाही आहे. जीई एरोस्पेसच्या कमाईत प्रवासी विमानांच्या इंजिनांचा आणि त्यांच्या देखभालीचा वाटा मोठा आहे. म्हणजे या फंडाचं नशीब युद्धापेक्षा लोक किती विमानप्रवास करतात यावरही ठरतं.

भारतातून हे अमेरिकी ईटीएफ घेता येतात. पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून पाठवावे लागतात, त्याची मर्यादा माणशी वर्षाला २.५ लाख डॉलर आहे. पण डॉलरमध्ये पैसे बदलण्याचा खर्च, तिथे लाभांशावर कापला जाणारा कर आणि इथे रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेची नोंद, हे सगळं सोबत येतं. दोन-पाच हजारांच्या गुंतवणुकीसाठी हा खटाटोप सहसा परवडत नाही.

इंडेक्स एकच असेल तर तुलना कशाची?

आता परत आपल्याकडे येऊ. दोन भारतीय ईटीएफ एकाच इंडेक्सवर असतील तर तीन गोष्टी बघायच्या.

१. एक्स्पेन्स रेशो

फंड चालवण्याचा वार्षिक खर्च. तो वेगळा कापला जात नाही, रोज थोडाथोडा एनएव्हीमधूनच वजा होतो. फंड हाऊसच्या साइटवर ताजा आकडा मिळतो. तो बदलत असतो, त्यामुळे जुन्या व्हिडिओतल्या आकड्यावर जाऊ नका.

२. ट्रॅकिंग डिफरन्स

इंडेक्स २० टक्के वाढला आणि फंड १९.२ टक्के वाढला, तर ०.८ टक्क्याची तफावत म्हणजे ट्रॅकिंग डिफरन्स. ट्रॅकिंग एरर ही वेगळी गोष्ट आहे. ही तफावत रोज किती वरखाली होते, ते त्यातून कळतं. सेबीच्या नियमानुसार ईटीएफचा वार्षिक ट्रॅकिंग एरर २ टक्क्यांच्या आत असायला हवा. नक्कल करणाऱ्या फंडाचा खरा निकाल या दोन आकड्यांत असतो. खर्च कमी पण तफावत मोठी, असा फंड स्वस्त म्हणता येणार नाही.

३. बाजारभाव आणि आयएनएव्ही यातलं अंतर

नव्या लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, आणि जातात ते कळतही नाही. ईटीएफच्या एका युनिटमागे असलेल्या शेअर्सची त्या क्षणाची किंमत म्हणजे आयएनएव्ही. पण तुम्ही युनिट घेता ते बाजारात, दुसऱ्या कुणाकडून तरी. विकणारे कमी आणि घेणारे जास्त असले की भाव आयएनएव्हीच्या वर जातो. फंड हाऊसकडून थेट युनिट घ्यायचे तर व्यवहार २५ कोटींच्या वरचा लागतो, त्यामुळे तो रस्ता तुमच्या-आमच्यासाठी बंद.

समजा आयएनएव्ही ८० रुपये आहे आणि स्क्रीनवर विकणाऱ्याचा भाव ८२. तुम्ही घाईत मार्केट ऑर्डर टाकली. लगेच २.५ टक्के जास्त मोजले. दोन फंडांच्या एक्स्पेन्स रेशोत ०.२ टक्क्याचा फरक असेल आणि स्वस्त फंड शोधून तुम्ही खूश झाला असाल, तर ही एक ऑर्डर १२ वर्षांची ती बचत एका सेकंदात खाऊन टाकते. आणि विकताना उलटं झालं, भाव आयएनएव्हीच्या खाली असला, तर पुन्हा फटका. मोठी बातमी आली की गर्दी होते आणि नेमकं तेव्हाच हे अंतर वाढायची शक्यता जास्त असते.

फोनवर हे कसं तपासायचं?

पाच मिनिटांचं काम आहे:

१. फंड हाऊसच्या साइटवर त्या ईटीएफचं पान उघडा आणि आयएनएव्ही बघा. शेअर्सच्या ईटीएफसाठी हा आकडा बाजारापेक्षा जास्तीत जास्त १५ सेकंद मागे असावा असा सेबीचा नियम आहे.

२. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये त्याच ईटीएफचं मार्केट डेप्थ उघडा. घेणाऱ्याचा सगळ्यात वरचा आणि विकणाऱ्याचा सगळ्यात खालचा भाव यात किती फरक आहे ते बघा. फरक काही पैशांचा असेल तर ठीक. रुपयांमध्ये असेल तर थांबा.

३. दोन ईटीएफमध्ये निवडताना गेल्या काही दिवसांचा व्हॉल्यूम बघा. जिथे रोज जास्त युनिट फिरतात तिथे साधारणपणे भाव योग्य मिळतो.

४. मार्केट ऑर्डर टाकू नका. लिमिट ऑर्डर टाका आणि भाव आयएनएव्हीच्या जवळचा ठेवा. ऑर्डर लागली नाही तर नाही, उद्या लागेल.

५. बाजार उघडल्यावरची पहिली १५ मिनिटं टाळा.

मागच्या परताव्याचं काय?

निफ्टी इंडिया डिफेन्सचा जुना आलेख बघितला की डोळे फिरतात. पण हा इंडेक्स सुरू झाला जानेवारी २०२२ मध्ये. त्याची मोजणी मात्र एप्रिल २०१८ पासून दाखवतात. म्हणजे मधल्या जवळपास चार वर्षांचा परतावा मागे जाऊन काढलेला आहे, त्या काळात या इंडेक्सवर कुणाचाही पैसा लागलेला नव्हता.

इंडेक्स फंड आणि ईटीएफ आले कधी? जून ते ऑक्टोबर २०२४ च्या दरम्यान, म्हणजे तेजी अगदी शिखराच्या आसपास असताना. थीम लोकप्रिय झाली की त्यावर फंड येतात, हा जगभरचा अनुभव आहे. जुलै २०२४ मध्ये ५,६०० रुपयांच्या वर गेलेला एचएएलचा शेअर मार्च २०२५ च्या सुरुवातीला ३,१०० च्या खाली आला होता. तिथून परत आधीच्या जागी यायला शेअरला ८० टक्क्यांहून जास्त वाढावं लागतं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर डिफेन्स शेअर्समध्ये पुन्हा जोरदार तेजी आली, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये घाबरून विकलेल्यांच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही.

स्वतःला एक प्रश्न विचारा: माझे १०,००० रुपये सहा-आठ महिन्यांत ६,००० झाले तर मी शांत बसू शकेन का? उत्तर "नाही" असेल तर रक्कम कमी करा.

ऑर्डर मिळाली म्हणजे कमाई झाली असं नाही

डिफेन्स कंपन्यांचा इथला मुख्य गिऱ्हाईक एकच: सरकार. २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये होते, पण त्यातला मोठा भाग पगार, पेन्शन आणि रोजच्या खर्चाचा. नवीन शस्त्रं, विमानं, जहाजं यांसाठीचा भांडवली खर्च १.८० लाख कोटींचा. रीलमध्ये नेहमी पहिलाच आकडा सांगतात.

ऑर्डर आणि कमाई यात किती वेळ जातो याचं उत्तम उदाहरण म्हणजे तेजस मार्क १ए. फेब्रुवारी २०२१ मध्ये एचएएलला ८३ विमानांची सुमारे ४८,००० कोटींची ऑर्डर मिळाली. विमानं मात्र लांबली. मोठं कारण इंजिन. ते पुरवणार होती अमेरिकेची जीई एरोस्पेस, म्हणजे वर पाहिलेल्या आयटीएमधली तीच वजनदार कंपनी. ९९ इंजिनांच्या करारातलं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये आलं. नाशिकच्या ओझर कारखान्यात तयार झालेलं पहिलं मार्क १ए ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं. दरम्यान सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची ६२,३७० कोटींची ऑर्डर मिळाली होती.

ऑर्डर बुक मोठं असणं चांगलंच, पण शेअरचा भाव त्या ऑर्डरची कमाई आधीच धरून वाढलेला असतो. मग एका सुट्या भागामुळे काम अडकलं तरी भाव खाली येतो. आणि ज्या टोपलीत १०० पैकी २० रुपये या एकाच कंपनीत आहेत, ती टोपलीही खाली येते.

नेहमीचे प्रश्न

ईटीएफ घ्यावा की इंडेक्स फंड?
दर महिन्याला थोडी रक्कम आपोआप जावी असं वाटत असेल तर इंडेक्स फंडाचा डायरेक्ट प्लॅन सोपा. तिथे त्या दिवसाच्या एनएव्हीनेच युनिट मिळतात, आयएनएव्हीची कटकट नाही, डीमॅटही लागत नाही. ईटीएफचा खर्च सहसा कमी असतो, पण ब्रोकरेज आणि विकताना डीपी शुल्क धरून हिशोब करा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे डिफेन्स ईटीएफ घेतले तर जोखीम विभागली जाते का?
इंडेक्स एकच असेल तर अजिबात नाही. तीच टोपली दोनदा घेतली, एवढंच.

कर किती?
भारतीय शेअर्सच्या ईटीएफवर वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर विकल्यास १२.५ टक्के, पण आर्थिक वर्षातला असा १.२५ लाखांपर्यंतचा नफा करमुक्त. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे.

यात किती पैसे घालावेत?
आधी इमर्जन्सी फंड, आरोग्य विमा आणि एखादा मोठा, सर्वसमावेशक इंडेक्स फंड. थीमवरचे फंड त्यानंतर, तेही एकूण गुंतवणुकीच्या छोट्या हिश्श्यात. जेवणात लोणचं असावं, ताटभर नको.

थोडक्यात

अ‍ॅपमध्ये "डिफेन्स" शोधल्यावर आधी इंडेक्सचं नाव बघा. इंडेक्स वेगळे असतील तर आतल्या पहिल्या पाच कंपन्या आणि त्यांची वजनं बघा. इंडेक्स एकच असेल तर खर्च, ट्रॅकिंग आणि आयएनएव्हीपासूनचं अंतर बघा. परताव्याचा आकडा सगळ्यात शेवटी. आणि बातमी आली त्याच सकाळी खरेदी करायची घाई होत असेल तर ऑर्डर एक दिवस पुढे ढकला. ज्या कराराच्या बातमीवर तुम्ही खरेदी करताय, ती विमानं यायला अजून काही वर्षं आहेत.

(हा लेख फक्त माहितीसाठी आहे, कोणताही फंड घेण्याचा किंवा विकण्याचा सल्ला नाही. गुंतवणूक करण्याआधी योजनेची कागदपत्रं वाचा आणि गरज वाटल्यास सेबी नोंदणीकृत सल्लागाराशी बोला.)